संग्रह दिला, पण किल्ली कुणाकडे?

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याचं निधन झालं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांच्या मुलीनं आम्हा चौघांना आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून पुढं केली. पेटीत 'जनता'चे आणि 'प्रबुद्ध भारत'चे सुटे अंक होते. जयंतीच्या स्मरणिका, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वर्गणीच्या पावत्या, जलशाच्या गाण्यांच्या दोन वह्या, नामांतराच्या काळातली पत्रकं आणि तळाशी कसर लागलेली पुस्तकं. मुलगी म्हणाली, "दादा, आम्ही भाड्याच्या घरात राहतो. हे कुठं ठेवू? कुणाच्या हवाली करू?"

लगेच मतं निघाली. एक जण म्हणाला विहारात ठेवा. दुसरा म्हणाला सरकारी वस्तुसंग्रहालयाला द्या, नाव लागेल. तिसऱ्यानं एका ग्रंथालयाचं नाव घेतलं आणि आम्ही गप्प झालो. कारण अशी एक भेट आम्ही पूर्वी देऊन बसलो होतो. कुठल्या ग्रंथालयाला ते लिहीत नाही. शाल, पुष्पगुच्छ, फोटो, वर्तमानपत्रात चार ओळी, सगळं रीतसर झालं होतं. दोन वर्षांनी संदर्भासाठी गेलो तर पुस्तकं जिन्याखाली पोत्यांत. दाखलनोंद वहीत एकाही पुस्तकाची नोंद नाही. वाळवीनं मात्र एकही पोतं सोडलं नव्हतं. तिथले कर्मचारी म्हणाले, "साहेब, कागदावर ही पुस्तकं आमच्याकडे आलेलीच नाहीत." ते खरंच बोलत होते. आम्ही फोटो काढला होता, पावती घेतली नव्हती.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाच्या मागं लागलो आहोत. एका माणसाच्या घरातला संग्रह सगळ्यांचा नेमका केव्हा होतो? दान दिल्याच्या दिवशी? आमचं उत्तर आहे, नाही. तो सार्वजनिक होतो तेव्हा त्याच्यामागे कायदा असतो, पैसा असतो, सूची असते आणि दार कुणासाठी उघडायचं याचा नियम असतो. चारांतलं एक जरी नसलं तरी संग्रह फक्त जागा बदलतो. याचा सगळ्यांत मोठा पुरावा लंडनचा आहे, आणि तिथं बाबासाहेबांनी दिवसच्या दिवस काढले आहेत, म्हणून तो आपल्याला परका नाही.

ब्रिटिश म्युझियम राजानं उभारलं असं अनेकांना वाटतं. खरं तर ते एका डॉक्टरच्या मृत्युपत्रातून निघालं. हान्स स्लोन, जन्म १६६०, आयर्लंडमधल्या अल्स्टरचा. १६८७ मध्ये तो जमैकाच्या गव्हर्नरचा खाजगी डॉक्टर म्हणून त्या बेटावर गेला आणि सुमारे सव्वा वर्ष राहिला. तिथून शेकडो वनस्पती वाळवून आणल्या. लंडनला परतून सरदार-दरबाऱ्यांचा डॉक्टर झाला, पुढं न्यूटननंतर रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आयुष्यभर तो गोळा करत राहिला: नाणी, शिंपले, हाडं, पाळेमुळे, हस्तलिखितं, पुस्तकं. स्वतः फार हिंडला नाही, दुसऱ्यांनी जमवलेले अख्खे संग्रह विकत किंवा वारशानं घेतले. ११ जानेवारी १७५३ रोजी, ९२व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याच्याकडे ७० हजारांहून अधिक वस्तू होत्या आणि त्याखेरीज पुस्तकं व हस्तलिखितं मिळून पन्नास हजारांच्या आसपास.

आता पैसा कुठून आला ते बघू. डॉक्टरकीची फी होतीच. पण १६९५ मध्ये स्लोननं जमैकातल्या एका मळेवाल्याच्या विधवेशी लग्न केलं आणि तिच्या वाट्याचं मळ्यांचं उत्पन्न त्याच्या घरात येऊ लागलं. ते मळे उसाचे, आणि ऊस पिकवणारे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. त्यांना दिल्या जाणाऱ्या शिक्षा, जाळणं, पाय तोडणं, फटके मारून जखमेवर मीठ चोळणं, स्लोननं आपल्या जमैकावरच्या ग्रंथात नोंदवून ठेवल्या आहेत. एखाद्या झुडपाची पानं मोजावीत इतक्या थंडपणे. त्याच ग्रंथात गुलामांच्या गाण्यांची स्वरलिपीही आहे. म्हणजे गाणं संग्रहात आलं, गाणारा उसातच राहिला.

कुणी म्हणेल, मग अशा माणसाचा दाखला आंबेडकरी माणसानं का द्यावा? रास्त प्रश्न आहे. आम्ही स्लोनला पूज्य मानत नाही. ब्रिटिश म्युझियमनंही ऑगस्ट २०२० मध्ये त्याचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या पेटीत ठेवला आणि शेजारी गुलामगिरीशी असलेलं त्याचं नातं लिहिलं. ते करायला त्यांना अडीचशेहून अधिक वर्षं लागली. आम्ही पाहतो आहोत ती त्याची महानता नाही, त्याची कागदपत्रं. लुटीच्या पैशातून उभा राहिलेला खाजगी साठा लोकांच्या मालकीचा कसा झाला, त्याची यंत्रणा काय होती, हे समजून घेणं आपल्याच फायद्याचं आहे.

स्लोननं दान केलं असं सर्रास लिहिलं जातं. दान नव्हे, सवलतीच्या दरातला सौदा होता तो. मृत्युपत्रात त्यानं विश्वस्त नेमले आणि अट घातली की संग्रह आधी इंग्लंडच्या राजाला देऊ करावा. त्या बदल्यात त्याच्या दोन मुलींना २०,००० पौंड मिळावेत. रक्कम संग्रहाच्या किमतीपेक्षा बरीच कमी होती. राजानं नाकारलं तर संग्रह पीटर्सबर्ग, पॅरिस, बर्लिन, माद्रिद इथल्या विद्वत्संस्थांपुढं ठेवायचा. ही खरी मेख. घ्या नाहीतर शेजारी घेतील. आणि संग्रह फोडायचा नाही, एकत्र ठेवायचा, लोकांना बघू द्यायचा.

राजाच्या खजिन्यात पैसे नव्हते, निदान या कामासाठी नव्हते. मग संसदेनं त्याच वर्षी कायदा केला आणि पैसा लॉटरीतून काढला. तीन पौंडाचं एक तिकीट, अशी एक लाख तिकिटं. तीन लाखांपैकी दोन लाख पौंड बक्षिसांत गेले, उरलेल्यातून खर्च वजा जाता म्युझियम उभं राहिलं. लॉटरीत तिकिटांचा काळाबाजार झाला, एका सरकारी अधिकाऱ्याला १,००० पौंड दंड झाला. जगातल्या नामांकित ज्ञानसंस्थेची पायाभरणी अशी गुलामांच्या उसावर आणि जुगाराच्या तिकिटांवर आहे. आपल्या वस्तीतल्या वाचनालयाची वर्गणी घ्यायला लाजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्याच कायद्यानं आणखी दोन संग्रह एकत्र आणले, आणि त्यांची कहाणी स्लोनपेक्षाही जास्त शिकवते.

पहिला सर रॉबर्ट कॉटनचा. त्याच्या नातवानं हा हस्तलिखितांचा खजिना देशाला दिला आणि १७०१ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. कायदा झाला, पण धड इमारत नाही, पैसा नाही, पूर्णवेळ राखणारं कुणी नाही. संग्रह या घरातून त्या घरात हलत राहिला. १७३१ च्या ऑक्टोबरमध्ये ॲशबर्नहॅम हाऊसला आग लागली आणि अनेक हस्तलिखितं जळाली, करपली, आखडली. काही खिडकीतून बाहेर फेकून वाचवली. कायद्यानं ती तीस वर्षांपासून देशाच्या मालकीची होती!

दुसरा हार्ले घराण्याचा. त्यांची हस्तलिखितं १७५३ च्या कायद्यात १०,००० पौंडांना देशानं घेतली. पण छापील पुस्तकं? ती त्याआधीच, १७४२ मध्ये, एका पुस्तकविक्रेत्याला विकली गेली होती आणि गिऱ्हाईक मिळेल तशी पांगली. एकाच घरातला एकच संग्रह. अर्धा आजही वाचायला मिळतो, अर्ध्याचा माग लावावा लागतो. मधल्या दहा-अकरा वर्षांत कायदा नव्हता, एवढाच फरक.

१५ जानेवारी १७५९ रोजी माँटॅग्यू हाऊस नावाच्या जुन्या वाड्यात म्युझियम उघडलं. प्रवेश फुकट, अभ्यासू आणि जिज्ञासू अशा सगळ्यांसाठी. पण अभ्यासू कोण हे ठरवायचं कुणी? विश्वस्तांत मुख्य तिघे: कँटरबरीचा आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर आणि संसदेचा सभापती. वाचनखोलीत खुर्च्या मोजक्या. आधी लेखी अर्ज, मग चौकशी, मग तिकीट. दार कायद्यानं उघडं होतं आणि व्यवहारात अर्धं लोटलेलं. आपल्याला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. चवदार तळंही मुंबई कायदेमंडळाच्या ठरावानं आणि महाड नगरपालिकेच्या ठरावानं खुलं झालेलं होतं. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना जाऊन प्यावं लागलं.

लंडनचं ते दार पुरतं उघडायला शंभर वर्षं लागली, आणि त्यात मोठा वाटा एका परक्या माणसाचा. अँटोनिओ पानिझ्झी, इटलीतला क्रांतिकारक, मायदेशात गैरहजेरीत फाशीची शिक्षा झालेला निर्वासित. तो ग्रंथपाल झाला. १८३६ मध्ये संसदीय समितीपुढं त्यानं साक्ष दिली, तिचा आशय असा की देशातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसाला जी पुस्तकं मिळतात ती गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, आणि तो खर्च सरकारनं उचलला पाहिजे. नुसतं बोलून थांबला नाही. सूची करायचे ९१ नियम त्यानं आणि सहकाऱ्यांनी बसवले. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत म्युझियमला देणं कायद्यानं बंधनकारक होतं, ती न देणाऱ्या प्रकाशकांच्या मागे तो हात धुऊन लागला. १८५७ मध्ये घुमटाखालचं गोल वाचनालय उघडलं ते त्याच्या कल्पनेतून.

त्या घुमटाखाली मार्क्स बसला हे सगळे सांगतात. १९२० नंतरच्या वर्षांत तिथं दापोली-साताऱ्याच्या शाळांत शिकलेला, वर्गात गोणपाटावर बसलेला एक महार मुलगा बसला. चरित्रकार सांगतात, सकाळी दार उघडायच्या वेळेला हजर आणि संध्याकाळी उठवेपर्यंत जागचा हलत नसे. दुपारच्या जेवणाचे पैसे नसत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाला, त्याच्या मागं त्या टेबलावरची ही बैठक आहे. इथं ब्रिटिशांचे आभार मानण्याचा मुद्दा नाही. मुद्दा हा की त्या टेबलावर त्यांना जात विचारायची सोय नियमात नव्हती. तिकीट असलं की पुस्तक द्यावं लागे. नियम लेखी असला की नोकराच्या मर्जीला कात्री लागते.

मात्र एक गोष्ट तिथंही बिघडली. संग्रह एकत्र ठेवा ही स्लोनची अट पुस्तकांच्या बाबतीत पाळली गेली नाही. त्याची छापील पुस्तकं बाकीच्या पुस्तकांत मिसळली. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आढळल्या की त्या 'जादा' ठरवून म्युझियमनं १८व्या शतकात लिलावात विकल्या, त्यांत स्लोनच्याही प्रती गेल्या. म्युझियमचं ग्रंथालय १९७३ मध्ये वेगळं निघून ब्रिटिश लायब्ररी झालं, पुढं इमारतही बदलली. आणि आता तिथले ग्रंथपाल स्लोननं पुस्तकांवर स्वतःच्या हातानं घातलेल्या खुणांवरून, अक्षर आणि आकडे, एकेक पुस्तक ओळखून पुन्हा यादी करत बसले आहेत. मालकानं खूण केली होती म्हणून निदान शोध लागतो.

तरीही स्लोन हा सत्तेतलाच माणूस. राजाचा डॉक्टर. ज्याच्या पाठीशी संसद नाही त्यानं काय करावं? त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आहे. आर्तुरो शॉमबर्ग, पोर्तो रिकोत १८७४ मध्ये जन्मलेला काळा माणूस, पुढं न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी करणारा. काळ्यांना इतिहास नाही, हे त्यानं लहानपणी शिक्षकाच्या तोंडून ऐकलं होतं असं सांगतात. पगारातून पैसे वाचवून त्यानं काळ्या लेखकांची पुस्तकं, पत्रं, चित्रं, पत्रकं जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशननं १०,००० डॉलरला हा संग्रह विकत घेऊन न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. पाच हजारांवर पुस्तकं आणि हजारो इतर कागद. तो कुठं ठेवला हे महत्त्वाचं: मुख्य इमारतीच्या संगमरवरी दालनात नाही, १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत, काळ्यांच्या वस्तीत. आणि १९३२ पासून मरेपर्यंत, १९३८ पर्यंत, शॉमबर्ग स्वतः तिथं त्याचा प्रमुख होता. कागद सार्वजनिक झाले आणि किल्ली त्याच समाजाच्या माणसाकडे राहिली. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते १९१३ ते १९१६. हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा शॉमबर्गची पुस्तकं अजून त्याच्या घरातच होती.

आता आपल्या घराकडे वळू. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात दादरला 'राजगृह' बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. त्याआधी १९१७ मध्ये त्यांचं सामान, त्यातली पुस्तकं, बोटीसकट जर्मन पाणबुडीनं बुडवली होती. पुन्हा जमवली. त्या संग्रहातला मोठा भाग त्यांच्याच सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. स्वतःची संस्था आधी काढली, मग पुस्तकं तिच्याकडे दिली. शॉमबर्गच्या वाटेसारखीच ही वाट.

पण हस्तलिखितांचं काय झालं ते वाचताना आजही हात थरथरतात. महापरिनिर्वाणानंतर वारसाहक्काचा वाद कोर्टात गेला. १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर रोडच्या घरातून सामान बाहेर काढताना कागद उघड्यावर टाकले गेले, पावसानं भिजून गेले, हे नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवलं आहे. रत्तू म्हणजे शेवटच्या रात्रीपर्यंत ज्यांनी बाबासाहेबांचं लिखाण टंकित केलं ते. उरलेले कागद पेट्यांत भरून कोर्टानं नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात राहिले. ते छापावेत म्हणून नागपूरच्या एका वकिलांनी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात दावा लावला. १९७६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं समिती नेमली, वसंत मून यांनी वारसांना भेटून त्या पेट्या मिळवल्या, आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड निघाला. मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. 'रिडल्स' छापून आलं १९८७ मध्ये, आणि काय गदारोळ झाला ते आपल्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. पेट्या त्याआधीच वाळवीच्या पोटात गेल्या असत्या तर गदारोळ करायची वेळही आली नसती. तिसरा खंड उघडून बघा. अनुक्रमणिका आहे, पुढची प्रकरणं सापडत नाहीत.

कुणी असंही म्हणतं की महापुरुषांच्या कागदांना जपावं हे ठीक, साध्या कार्यकर्त्याच्या पावत्या कशाला? इथंच खरी जात आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघालं, भांडारकरांच्या नावाची संस्था १९१७ मध्ये आणि भांडारकरांची स्वतःची पुस्तकं तिथं सुखरूप गेली. इनामदारांच्या, कुलकर्ण्यांच्या घरातल्या हिशेबाच्या चिठ्ठ्या जपल्या, वाचल्या, छापल्या. चांगलंच केलं. पण त्यांच्या घरातला कागद 'दप्तर' ठरतो आणि आमच्या घरातला रद्दी. फेडरेशनची चार आण्यांची पावती म्हणजे कुठल्या गावात, कुठल्या साली, कोण उभा राहिला याचा पुरावा. चांगदेव खैरमोडे अशाच कागदांच्या मागं आयुष्यभर फिरले म्हणून बाबासाहेबांचं चरित्र बारा खंडांत उभं राहिलं. त्यांचा संग्रह आज मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्याच नावानं आहे. मोडून टाकलेला नाही.

तर ती पत्र्याची पेटी. ती आम्ही अजून कुणाला दिलेली नाही. चार रविवार मुलीच्या घरी बसून यादी केली. प्रत्येक कागदावर पेन्सिलनं, कोपऱ्यात, त्यांच्या वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि क्रमांक घातला. शाईनं नाही, गोंदही लावला नाही. सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून तीन ठिकाणी ठेवले. जलशाच्या वहीवर गाणाऱ्याचं नाव होतं, ते यादीत वेगळ्या रकान्यात घातलं.

मग एक पानी करार लिहिला आणि एका वकील मित्राकडून तपासून घेतला. संग्रह एकत्र ठेवायचा. सहा महिन्यांत दाखलनोंद वहीत चढवून तिची प्रत द्यायची. कुठलाही कागद बाद करायचा असेल तर आधी घरच्यांना लेखी विचारायचं, आणि ते परत घेऊ शकतील. ओळखपत्र दाखवणाऱ्या कुणालाही, शिफारशीशिवाय, बसून वाचू द्यायचं. देखरेखीच्या समितीत वस्तीतला एक माणूस असेल. यातलं काही पाळलं नाही तर संग्रह परत.

हा कागद घेऊन आम्ही आतापर्यंत तीन संस्थांकडे गेलो. एका ठिकाणी म्हणाले, इतक्या अटी असतील तर नको. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, कार्यक्रमाला पाहुणे कोण आणायचे? तिसऱ्या ठिकाणच्या ग्रंथपाल ताईंनी करार दोनदा वाचला, सहा महिने खोडून आठ केले, आणि यादीची प्रत ठेवून घेतली. पुढच्या महिन्यात त्यांची समिती बसणार आहे. पेटी तोवर पलंगाखालीच आहे, डांबराच्या गोळ्या बदलून.